नमुना चौदा, रद्द

मिर्फाच्या पुढे डांबर सोडलं की
जमीन पापडासारखी मोडते.
टायर रुतणार नाहीत तिथे मी गाडी थांबवतो,
माझं शास्त्र तेवढंच.
बाकीचं सबनीस मॅडमचं.

त्या गुडघ्यांवर बसतात, सुरीने मिठाचा पापुद्रा उचलतात,
आणि खाली थरावर थर:
हिरवा, मग जांभळट, मग काळाकुट्ट.
वास थेट आमच्या दाभोळच्या खाजणाचा,
ओहोटीनंतरचा.
"हे जिवंत आहे, परकार.
मंगळावर कधी काही असलंच
तर ते असंच असेल, मिठाखाली दडून,
पाण्याची वाट बघत."

मला वाटलं होतं, निदान डोळे तरी असतील.

नियम कडक. हातमोजे, तोंडाला पट्टी,
वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहायचं.
नाहीतर एवढ्या लांब जाऊन
आपल्याला आपणच सापडायचे.

चौदाव्या बाटलीसाठी वाकलो, पट्टी सरकली,
आणि शिंक आली.

मॅडम रागावल्या नाहीत. लेबलवर फक्त लिहिलं: रद्द.
हाच शब्द माझ्या जुन्या व्हिसावर आहे,
अरबीत, लाल शाईचा.
बाटली मी मागून घेतली.

मुसफ्फाच्या खोलीत आम्ही सहा जण.
"लोणचं?" कुंजुमोनने विचारलं.
"मंगळ," मी म्हणालो.
खिडकीत ठेवली. जुलैत ती आटली,
तळाशी माझ्या टाचांसारख्या भेगा पडल्या.
मी विसरून गेलो.

टेकबहादूर विसरला नाही.
एसीचं ठिबकणारं पाणी, वर चिमूटभर मीठ,
कुणाला न विचारता रोज दोन झाकणं.
एका शुक्रवारी काचेला आतून
नखाएवढी हिरवी रेघ, आणि तिच्यावर
एकच बुडबुडा.

आता ते तिथलं की माझ्या नाकातलं,
हे मॅडमनाही सांगता यायचं नाही.

रुकय्या फोनवर विचारते, "नवीन काय?"
मी गच्चीवर जातो, तांबडा ठिपका शोधतो.
"तो क्रेनचा दिवा," कुंजुमोन म्हणतो.
असेल.

मॅडमना कळवलेलं नाही.
त्यांच्या वहीत तेरानंतर पंधरा.
इकडे टेकबहादूर रात्रपाळीवरून येतो
आणि बूट काढायच्या आधी
बाटली उजेडात धरून बघतो.