सात पूर्णांक चोवीस

मडगाव, लेबर रूम, पहाटेचे तीन-दहा.
शेवंती वेळीप, वय बावीस, पहिलटकरीण,
गावडोंगरीहून करमलघाट ओलांडून आलेली,
घाटातली सगळी वळणं अजून पोटात.

पट्ट्याखाली ठोके एकशे चाळीस :
शेजारच्या घरात कुणी
घाईघाईने नारळ खवतंय जणू.
कळ येते, रेघ डोंगर चढते.
कळ ओसरते, आणि मग, उशिरा,
दुसरी रेघ खचते. एकशे दहा. नव्वद.
उशिरा खचणं वाईट, हे पुस्तकात असतं.
किती वाईट, ते नसतं.

पाणी हिरवट.
मी तिला डाव्या कुशीवर वळवते,
सलाइनमधलं कळांचं औषध बंद करते.
डॉ. ऑफेलिया चष्मा कपाळावर सरकवून
पट्टी हातभर ओढतात, दुकानात सूत पाहावं तशी.
"विचारूया त्यालाच," म्हणतात.

विचारायची रीत अशी :
एक नळकांडं, एक दिवा,
आणि अजून न जन्मलेल्या डोक्यावर
तांदळाच्या कणीएवढा ओरखडा.
केसाएवढ्या काचनळीत थेंब चढतो,
मी ती आडवी धरून पळते.
यंत्र दोन मिनिटं गुरगुरतं.
सात पूर्णांक चोवीस.
बरं आहे असं नाही, वाईट आहे असंही नाही.
अर्ध्या तासाने पुन्हा विचारा.

अर्धा तास.
शेवंतीला कळा येतात, आम्हाला कळत नाही.
"कितें जाता गे?"
"कळ काढ, बाय," मी म्हणते,
आणि तिन्हीकडे हा एकच शब्द कसा, याचा विचार करायला
ही वेळ नव्हे.
बाहेर बाकावर तिचा नवरा
पेजेच्या डब्याचं झाकण उघडतो, लावतो,
उघडतो.

चौदा वर्षं मी या पट्ट्या वाचते.
भेदरवणाऱ्या पट्टीमागून
टाहो फोडत आलेली पोरं पुष्कळ पाहिली.
आणि एकदा, मोतीडोंगरावरची एक बाई,
पट्टी हुशार मुलीच्या वहीसारखी,
नंतर खोलीत नुसता पंख्याचा आवाज.
तेव्हापासून चांगल्या रेघेवरही
मी बोट ठेवून बसते.

तीन-पन्नास. दुसरा थेंब.
सात पूर्णांक सत्तावीस.
ऑफेलिया थिएटरला फोन करतात : "राहू दे."
चष्मा कपाळावरून डोळ्यांवर येतो.

चार-एकतीसला मुलगी.
आधी गप्प. मग भयंकर रागावलेली.

सकाळी शेवंतीच्या बोटांना
जावळात दोन खपल्या लागल्या.
"हें कितें?"
काय सांगणार. म्हटलं,
आम्ही दोनदा दार वाजवलं होतं.
ती जावळ चाचपत राहिली,
तिसरी कुठे असेल तर.

पट्टी घडी घालून केसपेपरात लावली.
उष्णतेवर उमटणारा कागद हा,
चार-पाच पावसाळ्यांत रेघ उडून जाते.
उरतात रिकाम्या चौकटी
आणि कडेला माझं निळं अक्षर :
तीन-चौदा, डावी कूस.