पितळी ऑलिव्ह

नळी दिसायला तीच, काळी, करंगळीहून बारीक.
पण हा ब्रेक मिनरल तेल पितो, तो डॉट;
एकाचा थेंब दुसऱ्यात गेला की रबर फुगतं,
लिव्हर आत जाते ती तिथेच बसते.
सालिमला तिसऱ्यांदा सांगतोय.
त्याला उद्या पहाटे जबल उतरायचाय.

स्पिरिटने धुतली, टोक ब्लेडने सरळ कापलं.
ऑलिव्ह एकदाच दबतं; जुनं चालत नाही.
डबे उपसले. निघालं एक,
मुनव्वरभाईंच्या बिस्किटाच्या पत्र्यात.
ते गुहागरला परतले, त्याला दोन वर्षं झाली.

आता सिरिंज. बुडबुडा वर येतो,
मागून आणखी एक, कणीएवढा.
रुवीतली दुपार, एसी बंद.
लिव्हर दाबतो: मऊ.
पुन्हा.
बोटाला दगड लागेपर्यंत
सालिमला चहासुद्धा विचारत नाही.