मांडीवरचं सूत

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
सिस्टर ब्लेड घेऊन आली, पडदा ओढला,
मायचं लुगडं मांडीपर्यंत सारलं
आणि थांबली.
"इथं तर एक केस नाही. कुणी साफ केलं?"

माय लाजली. मग म्हणाली,
"सुतानं."

चाळीस वर्षं कोशाचा धागा तिनं
उजव्या मांडीवर वळला.
उकडलेले कोसे राखेत, हाताशी,
पाच-सहा तारा एकत्र धरून
तळव्याचा एक रेटा खाली.
रेटा संपतो तिथं गुडघा,
दुमडलेला, जमिनीवर,
सडा वाळल्यापासून दिवेलागणीपर्यंत.
मांडीवर वहीच्या पानाएवढा गुळगुळीत पट्टा.
लहानपणी मी त्यावर बोटानं पाढे लिहायचो.

दुखणं तिनं आधी कुणाला सांगितलं नाही.
उठताना मागाच्या खांबाला हात जायचा,
तिथं खांब काळा पडला,
आम्ही म्हटलं तेलाचा असेल.
मग एरंडाचं पान, मग बिब्बा,
मग तुमसरच्या बाजारातला वैदू,
ज्यानं तुंबडी लावून काळं रक्त दाखवलं
आणि दोनशे घेतले.
मग इंजेक्शन. ते पोळ्यापासून दिवाळीपर्यंत टिकलं.
मग संडासला बसता येईना.
हे तिनं मला नाही, सुनेला सांगितलं.

नागपुरात डॉक्टर वैरागड्यांनी
फोटो उजेडाला धरला.
"दोन हाडांत फट असते. बघा, इथं नाही."
माय पुढं वाकली, डोळे बारीक केले.
"एक तार बी जानार नाही जी मंधातून."

धातूची टोपी, खाली पत्रा, मध्ये पांढरी चकती.
टेबलावरचा नमुना तिनं हातात घेतला,
वाकवला, नखानं खरवडला,
गिऱ्हाईक पदर तपासतं तसा.
"पानी लागल्यावर आटत तं नाही?"
डॉक्टर हसले. मीही हसलो.
ती हसली नाही.
"अन् मांडी?"

"मांडी घालायची नाही, आजी.
खाली बसायचंच नाही आता."

तिनं मान हलवली,
भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्यासमोर हलवते तशी.

कमरेखाली बधिर, वर जागी.
नंतर सुनेला सांगत होती,
"हिरव्या कापडापल्याड ठोकत होते माय,
खट् खट्, खट् खट्.
मले वाटलं तुया सासऱ्याचा माग चालू हाय.
म्हटलं, आज कोन बसलं?"
बाबांचा माग बंद होऊन अकरा वर्षं झाली.

मग प्रणोती नावाची पोरगी रोज यायची
आणि पाय दुमडून अंश मोजायची.
साठ. पंच्याहत्तर.
माय तिला शिव्या द्यायची, वर चिवडा द्यायची.
नव्वदला अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या.

गावी आल्यावर महिन्या-दीड महिन्यानं
ती तलावापर्यंत चालली, परत आली,
खांबाला हात न लावता.
निपाण्यांच्या तेरवीला पंगत खाली बसली,
हिला खुर्ची मिळाली, जावयांच्या ओळीत.
"लाज वाटली," म्हणाली,
"अन् भाजी बी थंडी आली."

आता खिडकीशी प्लास्टिकची खुर्ची.
उजवा पाय स्टुलावर लांब,
त्याला पाहुण्यासारखं वागवते, काम सांगत नाही.
डाव्या मांडीवर, डाव्या हातानं,
बासष्टाव्या वर्षी
पाटीवर अक्षर गिरवावं तसं सूत काढते.
तार तुटते. पीळ उलटा पडतो.

मोहाडीच्या सोरतेंनी धागा चिमटीत फिरवला.
"सायत्राबाई, हे तुमचं नाही."
"माहंच हाय," ती म्हणाली,
"दुसऱ्या बाजूनं."

त्यांनी घेतलं नाही.
त्या सुताच्या कांड्या ती फडताळात ठेवते,
डिस्चार्जच्या कागदांवर.

डावा गुडघाही झिजलाय.
दवाखान्यातून तारखेसाठी फोन येतो.
"एका लुगड्यापुरतं सूत होऊ द्या जी,"
ती सांगते,
"मंग या पायाचं पाहू."