नळाचा कोट

खोरोगहून निघालेली जीप दोनदा बंद पडली,
तिसऱ्यांदा आम्ही उतरून चालतच आलो.
पिशवीत चाळीस घरांचे चाळीस फॉर्म,
पेन्सिली दोन (शाई इथं गोठते)
आणि गळ्यात बँकेचा बिल्ला.

पहिलं घर नेककदमचं.
नेककदम, म्हणजे चांगल्या पायगुणाची.
"ही आली त्या वर्षी दरड कोसळली,"
सासरा सांगतो,
"पण घर सोडून."

तिनं शीरचोय पुढं केला:
चहा, दूध, मीठ, वर तरंगणारा लोण्याचा डोळा.
प्रश्न अकरा. गेल्या तीस दिवसांत
मांस किती वेळा शिजलं?
तिनं बोटं मोडत मोजलं, अडली.
"पाहुण्यासाठी शिजवलेलं धरायचं का?"
त्याला चौकोन नव्हता.

प्रश्न सतरा. पाणी आणायला लागणारा वेळ?
तिनं खिडकीतून नळ दाखवला.
पाइप बँकेच्या कर्जातून, सहा किलोमीटर.
चर मात्र गावानं खणला, म्हणजे बायकांनी;
पुरुष सगळे रशियात,
दुसऱ्यांचे मजले चढवत.
शेजारी निळी पाटी, तीन भाषांत बँकेचं नाव.
शेळी तिला शिंगं घासते,
मधली भाषा पार पुसत आणलीय तिनं.

आणि नळाच्या अंगात कोट होता.
खरा, माणसाचा. बाह्या मागं करकचून बांधलेल्या,
पाठीवर येकातेरिनबुर्गच्या कुठल्या बांधकाम कंपनीची अक्षरं.
"रात्री पाणी गोठतं ना.
त्याला तिकडं नवा मिळाला असेल."
'असेल'पाशी ती थोडी रेंगाळली.

वाचलेल्या वेळाचं काय करता?
शिवण, शेती, शिक्षण, इतर.
"बसते," ती म्हणाली.
"आधी झऱ्यावर सगळ्या मिळून बसायचो.
आता ज्याच्या त्याच्या नळापाशी."
मी 'इतर'वर खूण केली.

तेवढ्यात तिनं पिशवीतला एक कोरा फॉर्म ओढला,
पेन्सिलही घेतली माझ्या हातातून.
आता तू सांग.
अंगातला कोट कुणाचा?
भावाचा.
पगार शेवटचा कधी?
ऑगस्टात.
मांस?
मी चहातल्या डोळ्याकडे बघत राहिलो.
सासऱ्यानं हसू लपवायला तोंड भिंतीकडे केलं.
तिनं तक्त्यावरून बोट फिरवलं, बेरीज केली,
एकदा खोडून पुन्हा केली.
"दोन गुणांनी तू रेषेच्या खाली.
आम्ही वर. यांची पेन्शन आहे, गाय आहे."

निघताना हातात पुरचुंडी ठेवली,
वाळलेली तुतं, वाटेत खायला.
दुसऱ्या घराच्या उंबऱ्याशी पाहिलं:
कागद माझाच होता, पुरा भरलेला,
'इतर'वर गोल, आणि पुढं तिच्या अक्षरात: चालतो.

एकोणचाळीस घरं उरली होती.
फॉर्म अडतीस.