बोलका डबा

कपिलतीर्थात आक्काताईच्या पाटीशेजारी
एक निळा डबा बसलाय.
पाव किलो गवार तोलली की
तो ओरडतो: वीस रुपये प्राप्त झाले.
आवाज बाईचाच,
पण गवार कधी न मोडलेल्या.

पैसे जातात महिपतीच्या खात्यात.
फोन त्याचा, नंबर त्याचा.
गंगावेशीत तालमीच्या कट्ट्यावर बसून
त्याला कळतं, किती मेथी खपली.

पूर्वी कमरेला चंची होती.
पानाखाली चुना, चुन्याखाली दहाची नोट,
नोटेखाली थोरलीच्या शाळेची फी.
चंचीला तोंड होतं, पण ती बोलत नव्हती.

मी कोड स्कॅन करायला लागले की ती हळूच म्हणायची,
"सुट्टं न्हाई व्हय, ताई?"
माझ्या पर्समध्ये आताशा
बिलं आणि बीपीच्या गोळ्याच असतात.

परवा लिंबं उचलताना
खाली दिसलं दुसरं स्टिकर,
हळदीचा डाग पडलेलं, कडा दुमडलेली.
अंडीवाल्या जुबेदाच्या नातीनं करून दिलंय.
बँकेत तीन हेलपाटे,
अंगठा चौथ्यांदा उमटला.

स्क्रीनवर नाव आलं: आक्काताई म. चौगले.
तो 'म' तिथंही आहेच.

लिंबांचे दहा मी त्यावर टाकले.
डबा गप्प.
तिनं पदराआड छोटा फोन धरला,
ओठ हलवत एकेक अक्षर लावलं.
"आलं," म्हणाली.
मागच्या बाईला वाटलं भाजीतलं.
"कसं दिलं पाव किलो?" विचारायला लागली.