तारघरातली रात्रपाळी

लोकराज्याचं सातवं वर्ष. कँटनच्या तारघरात
मी अक्षरांचे आकडे करतो.
एका अक्षराचे चार आकडे, मग टकटक, मग तार.
देशाची दोन अक्षरं मला झोपेतही येतात:
शून्य शून्य दोन दोन, शून्य नऊ चार आठ.
बायको म्हणते, कूस बदलताना मी तेच पुटपुटतो.

त्या संध्याकाळी सेनापती नुंग यांची तार होती, क्वांगशीचे.
संविधानासाठी प्राण देणार.
जेवणाआधी सेनापती श्याँग यांची, युनानचे.
तेही प्राण देणार, त्याच संविधानासाठी,
फक्त मिठाचा कर त्यांच्याकडे राहावा.
मग नौदलाची. त्यांचेही प्राण तयार होते,
कोळसा तेवढा संपला होता.
तिन्ही तारांना पत्ता एकच:
सर्व प्रांतांना, सर्व सैन्यांना, सर्व वर्तमानपत्रांना.
कोशाला हात लावावा लागला नाही.
निष्ठा, शपथ, जनता, अश्रू
बोटांना पाठ झालंय.

पाहुण्या फौजा म्हणतात त्यांना इथं.
पुलाच्या या टोकाला एका पाहुण्याची जकात,
त्या टोकाला दुसऱ्याची,
आणि मधे, ऐन पुलावर, टोपली उतरवून
एक माणूस आपली बदकं पुन्हा मोजतो.

खासदार हॉटेलात पडून. गणसंख्या भरत नाही.
परवा त्यांतल्या एकानं
माझ्याकडेच तारेचे पैसे उसने मागितले.

दहाच्या सुमाराला ती आली. शुनतकची, रेशमाच्या कारखान्यातली,
उकळत्या पाण्यानं बोटांची टोकं पांढरी झालेली.
नवरा फौजेत.
कुठल्या?
"गेला तेव्हा क्वांगशीची होती.
मग पलटण विकली म्हणतात. आता कुणाची, ठाऊक नाही."
नाव?
"माक लोक."
पत्त्याशिवाय तार जात नाही, बाई.
तिनं रुमालाची गाठ सोडली. नाणी तीन अक्षरांपुरती,
त्यातलं एक खोटं.
"तांदूळ संपला असं लिहू नका. भात आहे म्हणा.
नाहीतर लाजेनं यायचा नाही."

मी कोश उघडला.
भाताचा आकडा शोधावा लागला. घराचाही.
ती पानं एकमेकांना चिकटलेली,
नखानं सोडवली.

मग सेनापती श्याँग यांच्या शपथेच्या शेवटी,
प्राण आणि शिक्का यांच्या मधल्या फटीत,
सर्व प्रांतांना, सर्व सैन्यांना, सर्व वर्तमानपत्रांना
मी लावून दिलं:
लोक, घरी ये. भात आहे.

तिची नाणी तिला परत. खोटंसुद्धा.

तीन दिवस तारा येत राहिल्या.
वुचौहून: हा लोक कोण? कुठल्या गटाचा?
नौदलाकडून: भात म्हणजे दारूगोळा काय, खुलासा व्हावा.
एका वर्तमानपत्राला त्यात समेट दिसला.
नुंगसाहेबांनी रातोरात दोन तोफा
नदीच्या अलीकडे आणल्या.
श्याँगसाहेबांनी मात्र काहीच नाकारलं नाही.
आपण असंही बोललो असू,
असं त्यांना वाटलं असावं.

काल पगार झाला, मागच्या सरकारच्या नोटांत.
मासेवालीनं हसून एक घेतली, मासा गुंडाळायला.
ती बाई पुन्हा आली नाही.
खिडकीशी कुणी गणवेशातला उभा राहिला
की मी आधी त्याचे पाय बघतो,
बूट आहेत की गवताची पायताणं,
आणि चिखल किती लांबचा.
वुचौची तार खिळ्याला टोचून ठेवलीय,
वाऱ्यानं हलते,
उत्तर अजून द्यायचंय.