नवसागर

एक ग्रॅम अ‍ॅल्युमिना. चिमूटभर पांढरी पूड,
आणि तिच्या आत दोनशे चौरस मीटर जागा.
कसब्यातली माझी खोली दहा बाय दहा,
भाडं साडेसहा हजार, पाणी सकाळी दीड तास.
मी त्या पुडीकडे रोज
जरा हेव्यानंच बघते.

द्राव थेंब थेंब टाकायचा.
किती, ते काट्याला नेमकं कळत नाही, काचकांडीला कळतं:
पूड भिजली पाहिजे, चमकता कामा नये,
भाकरीच्या पिठाला शेवटचा हबका देतात, तेवढंच.
एक थेंब जास्त झाला की चिखल,
मग धातू छिद्रांत शिरतच नाही,
मांडवाबाहेर चपला राखणाऱ्या पोरासारखा
दाराशी बसून राहतो.

तांबं आणि पॅलेडियम.
एक मोडीत निघणारं, दुसऱ्याची बाटली
नागवेकर मॅडमच्या कपाटात, किल्ली त्यांच्या पर्समध्ये.
दोघांना एकाच आधारावर बसवायचं,
असं विरळ, की जवळपास प्रत्येक अणू
वरच राहावा, उघड्यावर, कामाला.
आत दडलेल्याचा पगार फुकट.

रात्रभर एकशेदहा अंशांवर वाळवण,
मग भट्टी, चारशेपर्यंत, मिनिटाला दोन अंश,
मग हायड्रोजन.
पूड काळपट होते आणि वाटतं, जमलं.

सतरावा नमुना मेला.
आठ तास अभिक्रियेत ठेवला, काही हललं नाही.
आलेखावर दोन टेकड्या, स्वच्छ, सुट्या,
एक इकडे पाषाणची, एक तिकडे पर्वती,
मध्ये अख्खं शहर.
शेजारी राहिले म्हणायचे दोन्ही धातू,
ओळखदेख काही नाही.

क्ष-किरणांच्या यंत्रावर मुजावर बसतो.
"वरचे पाच-सहा नॅनोमीटर," तो सगळ्यांना आधीच सांगतो,
"त्याखालचं मला विचारू नका."
हवा उपसून उपसून केलेल्या पोकळीत
सतरावा रात्रभर ठेवला.
पहाटे एकशे नव्याण्णवपाशी
एक उंचवटा. तिथे काहीच नको होतं.
"क्लोरीन," मुजावर म्हणाला. चहा निवला होता त्याचा.
"धुतलं नव्हतंस?"

नव्हतं.
पॅलेडियमच्या क्षाराबरोबर आलं,
भट्टीत जाईल असं मी धरून चालले.
ते आधाराला घट्ट धरून बसलं होतं,
बाकीच्यांच्या जागा अडवून.

बसमधून उतरले तेव्हा तांबट आळीत ठोके सुरू झाले होते.
माझ्या खोलीखाली वडके पातेल्याला कल्हई करत होते.
तापलेलं भांडं, नवसागराची चिमूट,
नाकात जाणारा पांढरा धूर,
आणि कापसाच्या बोळ्याखाली पसरत गेलेलं कथील,
एका फेरीत तांबं दिसेनासं झालं.
"नवसागर कशाला?" मी विचारलं,
उत्तर पाठ असून.
"मळ खातो तो. त्याशिवाय कथील धरत नाही."
मग चिमट्यानं भांडं उचलून पाण्यात.
चर्र.
"पण धुवायचं लगेच. राहिला ना आत,
भांडं हिरवं धरतं."

तेच क्लोरीन.
मी जिन्यावर उभी, पायांत अजून प्रयोगशाळेच्या सपाता.

अठरावा नमुना कोमट पाण्यानं धुतला. परत धुतला.
गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब,
दूध. परत. धुकं. परत.
सातव्यांदा पाणी पाणीच राहिलं.

आलेखावर आता टेकडी एकच,
उजवीकडे जरा ढासळलेली, पण एकच.
मुजावरच्या पडद्यावर तांब्याचा आकडा
किंचित सरकलाय.
कोण कुणाकडे झुकलं, यावर तो आणि मॅडम
अजून भांडतायत.

वहीत सतराव्याच्या पानावर मी फुली मारली नाही.
शेरा लिहिला: क्षपणानंतर धुणे, सात वेळा.
आणि संदर्भाच्या रकान्यात, मॅडम विचारतील तेव्हा विचारतील:
वडके, तांबट आळी. तोंडी.